तक्रार: चिमणी आहे, पण चिमणी नाही

१ डिसेंबर २०२४, रविवार. सासवड

परसात ताटली टांगली. सामान घरचंच: टेबल फॅनची गंजलेली पुढची जाळी, तिच्यावर आईची जुनी स्टीलची थाळी (व्यास २८ सेमी) आणि जळक्या मोटारीतून काढलेली तांब्याची तार, तीन पदरी पीळ घालून. दवाचं पाणी साचू नये म्हणून थाळीच्या तळाला ३ मिमीची चार भोकं पाडली. बाजरीचा दाणा त्यातून आरामात गळतो हे भोकं पाडून झाल्यावर कळलं. आतून डासांच्या जाळीचा तुकडा अंथरला.

जागा: जिन्याला लागून कडुनिंबाची खालची फांदी, जमिनीपासून साडेतीन फूट. उंची आईनं ठरवली. रोज दाणे तीच टाकणार, तर तिचा हात पोचायला हवा.

प्रकल्प खरा पुतणीचा आहे, आठवीचा, परिसरातल्या पक्ष्यांचं निरीक्षण. ती नीटनेटकी वही करणार. हा कच्चा माल, विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या माझ्या दुकानाच्या जॉब कार्डच्या (गिऱ्हाइकाची तक्रार आणि तपासणी लिहायचं कार्ड) पुस्तकात मागच्या बाजूनं लिहितोय.

८ डिसेंबर, रविवार

आठवड्याची हजेरी: चिमण्या रोज, पंधरा-वीस. होले दोन. साळुंक्या येतात, दाणे उडवतात, भांडतात, जातात. लालबुड्या बुलबुल फांदीवर बसून बघतो, दाण्याला शिवत नाही. खार दिवसाला मूठभर बाजरी संपवते.

खारीसाठी तारेला ग्रीस लावलं होतं. बेअरिंगला लावतो तेच, जवळच होतं. चूक. ग्रीस पिसांना लागलं तर पिसं चिकटतात आणि पक्ष्याला ते साफ करता येत नाही. डोक्यात हा विचार आला तेव्हा एक होला तारेला अंग घासून उडाला होता. रॉकेलनं पुसलं, मग साबणानं, मग तारच बदलली. आता तारेवर पत्र्याचं नरसाळं उलटं बसवलंय. खार त्याच्यावर येते, घसरते आणि आमच्याकडे बघते.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी पावणेआठ. चिमण्यांच्या घोळक्यात एक परका. लहान, मातकट.

१६ डिसेंबर, सोमवार

कालची नोंद वाचून लाज वाटली. गिऱ्हाईक येऊन "मोटार चालत नाही" एवढंच म्हणतं तेव्हा मीच त्याची उलटतपासणी घेतो. गुणगुणते का गप्प आहे? तापते का? जळका वास आला होता का? आणि स्वतः लिहिलं काय, तर "लहान, मातकट". या वर्णनात निम्मा महाराष्ट्र बसेल.

तर रीतसर जॉब कार्ड. चहा घेऊन जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसलो. ताटली तिथून बरोबर डोळ्यांखाली येते.

तक्रार: चिमणी आहे, पण चिमणी नाही.
आकार: शेजारच्या चिमणीपेक्षा बोटभर कमी, अंगानं सडपातळ.
पाठ: साधी, राखाडी-तपकिरी. रेघा नाहीत. (हे दोनदा तपासलं.)
चोच: चिमणीपेक्षा लांबट, निमुळती, फिकट तपकिरी.
वागणूक: चिमण्या सांडलेलं वेचायला भुईवर उतरतात. हा उतरत नाही. ताटलीतून फांदीवर, फांदीवरून ताटलीत.
आवाज: चिवचिवच, पण सूर जरा गोड.

पाठीच्या रेघांबद्दल थोडं. घरातल्या चिमणीच्या मादीची पाठ नीट बघितलीत तर तपकिरीवर काळसर पट्टे दिसतात, वाळलेल्या गवतासारखे. आयुष्यभर चिमण्या बघून हे मला पन्नाशीत कळलं. या परक्याची पाठ म्हणजे एका रंगात काढलेली भिंत.

१९ डिसेंबर, गुरुवार

पुतणीनं फोनवर मर्लिन टाकलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे फुकट अ‍ॅप. कुठं पाहिला, कधी, केवढा, रंग कोणते, काय करत होता, असं विचारतं. म्हणजे जॉब कार्डच.

आकाराच्या प्रश्नावर आमचं अडलं. चिमणीएवढा, चिमणी आणि रॉबिन यांच्या मधला, रॉबिनएवढा असे पर्याय. पुतणीनं रॉबिन म्हणजे आपला चिरक धरला, तो चिमणीएवढाच असतो, मग मधला कुठून आणायचा? बऱ्याच वेळानं लक्षात आलं की हा रॉबिन अमेरिकेचा, आपल्या साळुंकीच्या मापाचा.

मग फोटो दिला. अ‍ॅपनं सांगितलं: घरचिमणी, मादी. त्याला दोष नाही. फोटोत अर्धी पाठ, थाळीची कड आणि माझं बोट होतं.

२२ डिसेंबर, रविवार

संशयितांची यादी केली. सिरीज लॅम्प (तपासणीचा दिवा) लावून मोटारीची एकेक कॉइल तपासत जावी तसं.

सुगरण. थंडीत नराचा पिवळा रंग उतरतो आणि नर-मादी दोघं मातकट दिसतात. पण पाठीवर ठळक रेघा, चोच जाडजूड, शेपूट आखूड. बाद.

ठिपकेवाल्या मुनियाचं पिल्लू. अंगभर एकच तपकिरी रंग, म्हणून थोडा वेळ आशा वाटली. पण ते याच्याहून लहान आणि चोच शंकूसारखी, अंगाच्या मानानं भलीमोठी. बाद.

काळ्या डोक्याचा भारीट. हे हिवाळ्यात ज्वारीच्या रानात थव्यांनी उतरतात. त्यांच्या माद्या फिकट, ओळखायला अवघड. पण भारीट चिमणीपेक्षा मोठा, आणि आमचा पाहुणा लहान. बाद.

रोझफिंचची मादी. हिमालयाकडून येणारी थंडीची पाहुणी. हिच्यावर पुतणीचा जीव जडला होता, कारण नावात गुलाब आहे. पण तिच्या छातीवर रेघा असतात आणि चोच गोलसर, फुगीर. पुतणी म्हणाली, "काका, छाती तुम्ही पाहिलीय का?" नाही. छाती मी पाहिलेली नाही. अर्धवट बाद.

समोरचे अण्णा येऊन बघून गेले. त्यांचं निदान: "चिमणीच आहे, अशक्त असेल." आईचंही तेच. बाजरी वाढवली.

२९ डिसेंबर, रविवार

थाळीच्या कडेवर ऑइल पेंटनं सेंटिमीटरच्या खुणा केल्या होत्या, त्यांच्यावर आज पाहुणा आडवा बसला. चोचीपासून शेपटीपर्यंत तेरा-साडेतेरा. शेजारची चिमणी पंधराच्या पुढं. एक सेंटिमीटर इकडंतिकडं धरा, दोघंही स्वस्थ बसत नाहीत.

त्याहून महत्त्वाचं: पंखावर दोन आडव्या पट्ट्या. वरची पांढरी स्वच्छ, चुन्याची रेघ ओढावी तशी. खालची बारीक, मळकट. आणि त्यानं आळस दिल्यासारखा पंख ताणला तेव्हा वरच्या पट्टीच्या अगदी वर, खांद्यावर, वीटकरी रंगाचा डाग दिसला. पंख मिटला की डाग गायब. दोन सेकंदांचं काम.

खांदा वीटकरी, पट्टी पांढरी, पाठ साधी. अ‍ॅपमध्ये हे भरल्यावर यादीत एक नाव वर आलं: यलो-थ्रोटेड स्पॅरो. पिवळ्या गळ्याची चिमणी. चित्रात गळ्याखाली पिवळा ठिपका.

पाहुण्याच्या माझ्या चौदा दिवसांच्या वर्णनात "पिवळा" हा शब्द एकदाही नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

पाण्याच्या पाळ्या चालू झाल्या की आमचा हंगाम. एक फेज जाते, मोटार दोन फेजवर रडत राहते आणि सकाळी शेतकरी ती गोणीत घालून दारात उभा. या आठवड्यात सात जळक्या. पक्षी बघायला वेळ नाही. आई सांगते, येतो रोज, एकटा नाही, दोन आहेत.

१२ जानेवारी, रविवार

रविवार असून दुकान उघडं. दिवे गावाकडचे एक शेतकरी पाणबुडी मोटार घेऊन आलेले. वार्निश वाळेपर्यंत थांबतो म्हणाले, म्हणून परसात जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवलं आणि चहा दिला. मी माझ्या सहाव्या पायरीवर. पाहुणा कडुनिंबाच्या वरच्या फांदीवर.

मी त्यांना माझी अडचण सांगत होतो. सगळं जुळतंय, पण गळा पिवळा पाहिजे, तो काही नाही.

ते मान वर करून म्हणाले, "हाय की वो पिवळा. ह्यो काय."

मी उतरून त्यांच्याजवळ जाईपर्यंत पक्षी उडाला. मोटारीच्या पावतीवर सही करताना म्हणाले, "आमच्या बांधावर बाभळीच्या ढोलीत असत्यात की. लई असत्यात." नाव विचारलं. "चिमणीच म्हणायची."

संध्याकाळी पायरीवर परत बसलो आणि चूक कळली. सहावी पायरी पावणेचार फुटांवर, त्यावर मी बसलेला, ताटली साडेतीन फुटांवर. महिनाभर मी त्या पक्ष्याकडे वरून बघतोय. पाठीचा तपशील पानभर आणि गळ्याबद्दल एक ओळ नाही, ती याच्यामुळं. त्यात तो खाताना मान खाली घालतो. गळा दिसणार कुठून?

१३ जानेवारी, सोमवार, भोगी

ताटली साडेसात फुटांवर नेली. आईचा हात पोचत नाही यावर घरात वाद. तोडगा: विहिरीची जुनी कप्पी फांदीला, सुती दोरी, खाली खुंटी. दोरी सोडली की ताटली खाली, दाणे टाकले की वर. आईला कप्पी इतकी आवडली की दाणे असतानाही दोनदा खाली घेऊन बघितली.

आज घरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, ताटलीतही बाजरीच. बसायची जागा बदलली: आता खालची पायरी.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

दिसला. सकाळी आठ दहा. थाळीच्या कडेवर बसून दाणा सोलताना त्यानं मान वर केली आणि चोचीखाली पांढुरकं, त्याच्या खाली पिवळा ठिपका. नखाएवढा. चित्रात आहे तसा झगझगीत नाही. कढीत हळद कमी पडली की जो रंग येतो तो.

घरात सांगितलं तर आई शांतपणे म्हणाली, "परवा मी हळदीचा भात टाकला होता ताटलीत. माखली असेल चोच."

आता काय बोलणार! वर शेवगाही फुललेला. शिंजीर त्याच्यात तोंड खुपसून परागानं माखून बाहेर येतो हे आम्ही रोज बघतो. पिवळ्या गळ्याची चिमणीही फुलांतला मध पिते, पळस-मोहाच्या दिवसांत तिचं तोंड परागानं भरलेलं असतं, असं वाचलंय. म्हणजे पक्षी तोच असला तरी मी पाहिलेला डाग परागाचा असू शकतो. आणि पक्षी तो नसला तर हळदीचा. हाती आलेला पुरावा आईच्या एका वाक्यानं जामिनावर सुटला.

तपासणी ठरवली. पाच दिवस ताटलीत फक्त बाजरी, भात बंद. डाग माखल्याचा असेल तर रोज जागा बदलेल, आकार बदलेल, चोचीवर आणि कपाळावरही दिसेल. अंगचा असेल तर तिथंच राहील.

१९ जानेवारी, रविवार

पाच दिवसांत नऊ वेळा गळा दिसला. नऊच्या नऊ वेळा ठिपका एकाच जागी: हनुवटी पांढुरकी, तिच्या खाली पिवळा, मग छाती मळकट पांढरी. छातीवर रेघा नाहीत, त्यामुळे रोझफिंचही पूर्ण बाद. पुतणीनं हे मोठ्या मनानं स्वीकारलं.

आज तीन आले. दोघांचा पिवळा स्पष्ट, खांदा वीटकरी: नर. तिसरीचा गळा इतका फिका की माहीत नसतं तर नाही म्हटलं असतं, खांदाही फिकट: मादी. तिघांनी मिळून एकाच जागी हळद सांडली असं आता आईसुद्धा म्हणत नाही.

निदान: पीतकंठी चिमणी. आपल्याकडे रानचिमणीही म्हणतात. शास्त्रीय नाव जिम्नोरिस झँथोकॉलिस, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ पिवळ्या गळ्याची. इंग्रजी पुस्तकांत मात्र घोळ आहे. काही ठिकाणी चेस्टनट-शोल्डर्ड पेट्रोनिया हे नाव सापडतं, म्हणजे वीटकरी खांद्याची. दोन वेगळे पक्षी समजून मी अर्धा तास फुकट घालवला. एकच आहे. एकानं गळा बघून नाव ठेवलं, एकानं खांदा बघून. जिन्यावरून बघणाऱ्यासाठी दुसरं नाव जास्त सोयीचं.

२० जानेवारी, सोमवार

नाव कळल्यावर वाचत बसलो तर कळलं की भारतातला सर्वांत गाजलेला ओळख न पटलेला पक्षी हाच. सलीम अली यांचा जन्म १८९६चा. मुंबईत शाळकरी वयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी पाडली, आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग ही खायला चालेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था, मिलर्ड नावाचे इंग्रज गृहस्थ तिचे सचिव. मिलर्डनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून एकेक नमुना पोराला दाखवला. पुढं १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातसुद्धा ती चिमणी आहे.

गोष्ट मोठी आहेच, पण माझं लक्ष एका बारीक गोष्टीवर अडकलं. मेलेला पक्षी हातात उचलला की तो उताणा येतो. गळा समोरच. त्या मुलाला जे हातात घेतल्याबरोबर दिसलं त्यासाठी मला कप्पी बसवावी लागली. छऱ्याच्या बंदुकीपेक्षा कप्पी बरी, एवढं म्हणतो.

पुतणीनं वहीत चित्र काढलं. पिवळा स्केचपेनचा, पक्षी पोपटाच्या पुढं गेलाय. मी म्हटलं, अगं कढीसारखा. ती म्हणाली, "काका, कढीचा स्केचपेन मिळत नाही."

१५ फेब्रुवारी, शनिवार

जगभर चार दिवसांची पक्षीगणना चालू आहे, १४ ते १७. नियम सोपा: कुठंही किमान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसलेले पक्षी मोजायचे, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची. परसही चालतं.

सकाळी साडेसात ते पावणेआठ: चिमणी १४, छोटा तपकिरी होला ३, साळुंकी ४, बुलबुल २, शिंजीर नर १, शिंपी १ (आवाज), तांबट १ (आवाज, टुक-टुक), कावळा २, पीतकंठी चिमणी ५. खार मोजायची नसते याचं पुतणीला वाईट वाटलं.

शेजारच्या गल्लीतले दोघं गणना करत आले होते, त्यांना ताटली दाखवली. एकानं दुर्बीण दिली. दुर्बिणीतून पहिल्यांदा बघितलं: खांद्यावरचा डाग सपाट रंग नाही, प्रत्येक पिसाला फिकट कड आहे, भाजलेल्या कौलांची उतरंड असावी तशी. तीन मिनिटं परत दिली नाही.

२ मार्च, रविवार

ताटली गरम पाण्यानं धुतली. दर रविवारचं काम, नोंदीत लिहायचं राहून जातं. परवाच्या दवानं तळची बाजरी बुरसली होती, टाकून दिली. बुरशी धरलेला दाणा पक्ष्यांना बाधतो. आता एका वेळेला दोन मुठीच, संपेल तेवढंच.

२३ मार्च, रविवार

मोठ्या नराची चोच काळी झाली. डिसेंबरात फिकट तपकिरी लिहिली आहे, कार्ड काढून ताडून पाहिलं. विणीच्या दिवसांत नराची चोच काळी होते, म्हणजे वेळेवर आहे. दुकानातला पोऱ्या म्हणाला, "शेठ, वार्निश चढलं."

दाण्याला कमी येतात. कडुनिंबाच्या मोहरात आणि शेवग्याच्या फुलांत किडे वेचताना दिसतात. बाजरीचा खर्च निम्म्यावर.

६ एप्रिल, रविवार

जुन्या फांदीचा जोड कुजून कडुनिंबात ढोली झालीय, साधारण बारा फुटांवर, तोंड दोन बोटांचं. पीतकंठीची मादी आत जाते, बाहेर येते. दुपारी ती दुकानाच्या मागच्या दाराशी उतरली. हा भुईवर उतरत नाही असं मी डिसेंबरात ठोकून लिहिलं होतं. कॉइल बांधायच्या सुती पट्टीचा वीतभर तुकडा पडला होता, तो तिनं एका टोकाला धरला, ओढला, सोडला, परत मधोमध धरला आणि घेऊन गेली. पट्टीचं टोक अजून ढोलीबाहेर लोंबतंय.

त्याच जागी तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे पडलेले असतात. पिल्लाच्या पायात अडकले तर संपलंच. तांबं चुंबकाला लागत नाही, म्हणून पोऱ्याला आणि मला उकिडवं बसून हातानं वेचावं लागलं. तासभर गेला. त्यानं सगळं गोळा करून काट्यावर टाकलं: १८० ग्रॅम. सुती पट्टीचे तुकडे मात्र दाराशी तसेच ठेवले.